शोकाच्या घरी वेताची टोपली: ज्यू परंपरा, शेजारधर्म आणि आमच्या सोसायटीचा एक प्रश्न

तळ्याकाठची · रविवार, रात्री ९:४०

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

ठाण्याला आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब राहतं. ३० वर्षांचा शेजार. त्यांच्याकडून चिकाचा हलवा यायचा, आमच्याकडून फराळ जायचा, मुलांनी एकमेकांच्या घरी अभ्यास केला, भांडणंही झाली (पाण्याच्या टाकीवरून, अजून मिटलेलं नाही). गेल्या पावसाळ्यात काका गेले. दफनाहून सगळे परत आल्यावर मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आरशावर चादर. काकू जमिनीवर बसलेल्या. मी आपली सवयीप्रमाणे सुरू केलं, "सुटले हो काका, हाल नाही झाले फार..." तर त्यांच्या नणंदेने माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला. मी गप्प बसले. दहा-पंधरा मिनिटं त्या खोलीत पंख्याखेरीज कशाचा आवाज नव्हता. मग काकूच म्हणाल्या, "सकाळचा चहा ह्यांनी अर्धाच घेतला." तिथून पुढे तासभर सगळे बोलत होते.

जिना उतरताना नणंदेने सांगितलं की त्यांच्यात नियमच आहे. शोकात बसलेला माणूस तोंड उघडत नाही तोवर भेटायला आलेल्याने बोलायचं नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहतात, त्यावरून हे घेतलंय. (पुढे ते मित्र बोलायला लागतात आणि सगळी माती करतात, तो भाग वेगळा.) दुसरा नियम जेवणाचा. दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःच्या घरचं खायचंच नाही, ते शेजाऱ्यांनीच आणायचं. म्हणजे "काही लागलं तर सांगा हं" म्हणून कुणाला निसटता येत नाही.

मला चटका बसला तो यापुढच्या वाचनात. तालमुद म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ, त्याच्या 'मोएद कातान' या भागात एक नोंद आहे. पूर्वी शोकाच्या घरी जेवण नेताना श्रीमंताकडे सोन्याचांदीच्या टोपल्यांतून न्यायचे आणि गरिबाकडे सोललेल्या वेताच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटायची. म्हणून ठरलं की यापुढे सगळ्यांकडे वेताचीच टोपली. पुढे लगेच अंत्यविधीची गोष्ट. कफनाचा खर्च इतका वाढला होता की मरणापेक्षा तोच जड व्हायचा, माणसं प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या धर्माधिकाऱ्याने स्वतःसाठी साधं लिननचं कापड सांगून ठेवलं. त्याला तशा कापडात पुरलं म्हटल्यावर बाकीच्यांना साधेपणाची लाज उरली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दया करा, प्रेम करा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. इथे मात्र कुणीतरी बसून विचार केलाय की मदत घेणाऱ्याची मान खाली जाते ती नेमकी कुठे, आणि तिथे नियम घातलाय. दानाला त्यांचा शब्द 'त्सेदाका', तो 'त्सेदेक' म्हणजे न्याय या धातूतला. दिलंत म्हणजे उपकार केला नाहीत, देणं लागत होतात ते फेडलंत. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिदीसने दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात. सगळ्यांत खाली आहे तोंड वाकडं करून दिलेलं दान. वर जाताना देणारा-घेणारा एकमेकांना अनोळखी होत जातात. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम लावून देऊन त्या माणसावर पुन्हा मागायची वेळच येऊ न देणं.

आता आमचा प्रश्न. सोसायटीत एकटी राहणारी ११ म्हातारी माणसं आहेत. वर्षाच्या सुरुवातीला एक आजोबा न्हाणीघरात पडले, दुसऱ्या दिवशी दूधवाल्यामुळे कळलं. मग आम्ही मदतीचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला. आठ दिवसांत तो सुप्रभातने भरला. त्यात एका उत्साही सभासदाने तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना किराणा देतानाचा फोटो टाकला, खाली ३२ अंगठे. त्या आजी त्यानंतर कुणाकडे काही मागत नाहीत. दारही अर्धंच उघडतात.

हे कसं दुरुस्त करावं? ज्यूंच्या पद्धतीतलं इथे काय घेता येईल? जाणकारांनी लिहा.

कडबोळं · रविवार, रात्री १०:१५

सुंदर लिहिलंयस. वाचनखूण साठवली.

पण पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं हे आपल्याकडेही आहेच की! माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजारून येतो. माझी आजी तर पिठलं नेताना डबा परत मागायचा नाही म्हणायची. ब्लॉकमध्ये राहायला गेल्यापासून आपण ते केटररवर सोपवलं.

नास्तिक_नाना · रविवार, रात्री ११:०२

सगळ्या धर्मांची पुस्तकं सुंदरच असतात. पुस्तकातून बाहेर या, मग बोलू.

मुंबई-पुण्यात ज्यू दानशूर म्हटलं की ससून. डेव्हिड ससून बगदादहून आला आणि त्या घराण्याची गडगंज संपत्ती उभी राहिली त्यात मोठा वाटा चीनला जाणाऱ्या अफूचा. तिकडे घरंच्या घरं व्यसनात बुडवायची आणि इकडे इस्पितळं बांधायची. याला त्सेदाका म्हणायचं का?

आणि तुमच्या समाज-काळजीबद्दल. १८३० च्या दशकात मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी सरकारकडे मागणी केली होती की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. मेलेल्या माणसांत भिंत! वेताची टोपली तेव्हा कुठे होती?

पेठेतला · सोमवार, सकाळी ७:३०

नाना, अफूचं खरं आहे. नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त माहितीत भर. लष्कर भागातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ मध्ये पुरं झालं. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारला, त्याची कबर त्याच आवारात आहे. ससून रुग्णालयही १८६७ चंच. आज त्या रुग्णालयात रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला ससून कोण हे ठाऊक नसतं, बोलीभाषेत नुसतं "ससूनला नेलं" म्हणतात. मायमोनिदीसच्या पायऱ्यांत एक पायरी आहे ना, घेणाऱ्याला देणारा कोण ते माहीत नाही अशी? दीडशे वर्षांनी आपोआप ती पायरी गाठली गेली. नवी पेठेतला 'निवारा' वृद्धाश्रमही त्याच्याच देणगीतून सुरू झालेला, मूळ नावात अजून ससून आहे. तिथे जाऊन आलोय. म्हाताऱ्यांना अफूशी देणंघेणं नाही, दुपारचा चहा वेळेवर येतो का एवढंच विचारतात.

नास्तिक_नाना · सोमवार, सकाळी ७:५२

म्हणजे शेवट गोड तर सगळं गोड?

पेठेतला · सोमवार, सकाळी ७:५५

तसं म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा.

लोदकर · सोमवार, दुपारी ३:२०

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल, मूळ गाव अलिबागजवळ. आता मुक्काम इस्राएलमध्ये लोद शहरी. नेहमी वाचतो, क्वचित लिहितो. मराठी थोडी जुनी वाटेल, माफ करा. आईवडिलांनी जशी सोबत आणली तशीच राहिली आहे.

नानांच्या प्रश्नापासून सुरू करतो. तालमुदमध्ये चर्चा आहे की सुक्कोथच्या सणाला हातात धरायची खजुराची झावळी जर चोरलेली असेल तर सण पाळला गेला का. उत्तर: नाही. पाप करून केलेलं पुण्य हे पुण्य धरत नाहीत. तेव्हा ससूनच्या पैशाबद्दल आमच्याच शास्त्रात नानांना साक्षीदार मिळेल. (त्या काळच्या कायद्याने अफूचा धंदा गुन्हा नव्हता, अशी दुसरी बाजूही कुणी मांडील. मी मांडत नाही.)

भिंतीची गोष्टही खरी. बगदादी मंडळी आम्हाला आपल्या मिन्यानमध्ये मोजत नसत. मिन्यान म्हणजे सार्वजनिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. आणि आम्ही काय धुतल्या तांदळाचे? आमच्यातच 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते, रोटीबेटी होत नसे. पुढे इकडे आल्यावर आमचा नंबर लागला. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, निघालं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. सांगायचं हे की नियम असले म्हणजे माणसं ते पाळतात असं नव्हे. पण नियम लिहिलेला असला की तो दाखवून भांडता येतं. आमची माणसं तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथच, दाखवून भांडली: परक्याला छळू नका, तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) परके होता. हे एकदा सांगून भागलेलं नाही. तालमुदवाल्यांनी मोजलंय, तोरामध्ये परक्याबद्दलची ताकीद ३६ वेळा येते, काहींच्या मते ४६.

आता कोकणातलं सांगतो. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी कथा. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणायचे. पुस्तकं बुडाली, इब्री (हिब्रू) भाषा विसरली, पण सण टिकले, मराठी नावं घेऊन. योम किप्पूर, म्हणजे उपासाचा सगळ्यांत मोठा दिवस, त्याला आमच्यात 'दारफळणीचा सण'. दारं लावून घ्यायची, कुणाशी संबंध नाही, देव आणि आपण. आणि दुसऱ्या दिवशी? 'शिळा सण'. दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं. इकडे आल्यावर पंडित लोकांना विचारलं, हा शिळा सण कुठल्या पोथीत आहे? ते म्हणाले, कुठल्याच नाही. आमच्या बायांनी काढला असेल. देवाकडे काल माफी मागितली, आज शेजाऱ्याकडे बघा.

मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, मांडवीला, सॅम्युअल स्ट्रीटवर. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युअल दिवेकरांनी बांधलं. आमचे म्हातारे त्याला जुनी मशीदच म्हणत आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं छातीठोक सांगत. त्या सिनेगॉगचं नाव 'शार हारहमीम'. शार म्हणजे दरवाजा, रहमीम म्हणजे करुणा. आणि रहमीम ज्या धातूतून येतो त्यातूनच 'रेहेम' येतो, म्हणजे आईचं गर्भाशय. करुणेचा दरवाजा म्हणा की आणखी काय म्हणा, मराठीत त्याला शब्द मला आजवर सापडला नाही. 'माया' जवळ जातो.

शब्दवेडी · सोमवार, दुपारी ४:०५

लोदकरकाका, 'कनवाळू'? नाही, तो माणसाचा गुण झाला. 'माया'च बरोबर. तुमची मराठी जुनी अजिबात नाही, आमची पातळ झालीय.

शिळा सण! काय नाव आहे. होळीनंतरच्या शिळ्या पुरणपोळीसारखं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागणारं.

तळ्याकाठची, तुला एक गोष्ट देते, तुझ्या फोटोवाल्या सभासदाला वाचून दाखव. तालमुदमधली आहे. मार उक्वा नावाचा एक विद्वान होता. तो एका गरीब माणसाच्या दाराच्या खोबणीत रोज चार नाणी टाकून जायचा. एक दिवस त्या गरिबाला वाटलं, बघूया तरी कोण टाकतं. त्या दिवशी मार उक्वाला उशीर झालेला आणि बायको सोबत होती. दार उघडतंय म्हटल्यावर नवराबायको पळाले, आपण कोण ते त्याला कळू नये म्हणून. पळता पळता एका भट्टीत शिरले, निखारे नुकते बाजूला केलेले. नवऱ्याचे पाय भाजले, बायकोचे नाही. ती म्हणाली, तुझे पाय माझ्या पायांवर ठेव. नवरा खट्टू झाला, माझं पुण्य कमी की काय? बायकोने सांगितलं, मी घरात असते, दारी आलेल्याला माझ्याकडून तयार अन्न मिळतं. तुझ्या नाण्याचं त्याला अजून धान्य आणायचं, दळायचं, शिजवायचं असतं.

एखाद्याला चारचौघांत लाजवण्यापेक्षा माणसाने जळत्या भट्टीत उडी घेतलेली बरी, असं तिथे पुढे म्हटलंय. ३२ अंगठे म्हणे.

रातपाळी · मंगळवार, पहाटे ५:१०

नर्स आहे, ड्यूटी संपवून लिहितेय, थोडक्यात.

आजाऱ्याला भेटणं हे ज्यूंमध्ये धार्मिक कर्तव्य आहे, 'बिकुर होलिम'. भेटणारा साठावा हिस्सा आजार घेऊन जातो म्हणतात. साठ माणसं पाठवली तर बरा होईल का, असा प्रश्न तिथेच कुणीतरी विचारलाय. म्हणजे फोरमवरचे लोक तेव्हाही होते.

मला आवडले ते भेटीचे नियम. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत जाऊ नका, तेव्हा रोगी ताजा दिसतो, तुम्हाला वाटतं बरा आहे आणि तुम्ही त्याच्यासाठी देवाकडे काही मागत नाही. शेवटच्या तीन तासांत जाऊ नका, तेव्हा तो इतका थकलेला दिसतो की तुम्ही आशा सोडता. वॉर्डात २२ वर्षं काढलीत, शब्द न् शब्द खरा आहे. पोटाच्या आजाराच्या माणसाला भेटायला जाऊ नका, त्याला सारखं उठावं लागतं, अवघडल्यासारखं होतं. हे आमच्या व्हिजिटिंग अवर्सच्या पाटीवर कोण लिहिणार!

आणि रब्बी अकिवाची गोष्ट. त्याचा एक शिष्य आजारी पडला. कुणी विद्वान भेटायला गेला नाही. अकिवा स्वतः गेला. तो गेला म्हणून खोली झाडली गेली, पाणी शिंपडलं गेलं. शिष्य म्हणाला, तुम्ही मला जगवलंत. झाडून आणि पाणी शिंपडून. तुमच्या ११ जणांकडे जाल तेव्हा बिस्किटाचा पुडा नेण्याऐवजी न्हाणीघरातली बुळबुळ घासून या. पडतात ती तिथेच.

कडबोळं · मंगळवार, सकाळी ९:००

रातपाळी, टाळ्या.

अवांतर: लोदकरकाका, मलिदा कसा करतात हो? अलिबागला एकदा खाल्ला होता, पोहे आणि खोबरं होतं.

लोदकर · मंगळवार, दुपारी १:४५

पोहे भिजवून, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं. एलियाहू हानबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन, नवस फेडायला किंवा शुभकार्याला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथे अजून आमची माणसं इकडून खास जातात. मलिदा एकट्याने करायचा नसतो, हे प्रमाणात लिहायचं राहिलं. मुठी मोजून वाटायचा.

हिशेबनीस · मंगळवार, रात्री ८:३०

मी निवृत्त लेखापरीक्षक. भावनिक भाग झाला असेल तर कामाचं बोलू.

तळ्याकाठची यांनी विचारलं होतं की काय घेता येईल. मला यातली रचना घेण्यासारखी वाटते. तालमुदमध्ये 'बाबा बात्रा' म्हणून भाग आहे, त्यात गावाच्या मदतनिधीचे नियम आहेत. दोन प्रकार. 'कुप्पा' म्हणजे पेटी: आठवड्यातून एकदा पैसे गोळा करून गावातल्या गरिबांना आठवड्याचं द्यायचं. 'तामहुई' म्हणजे थाळी: रोजचं अन्न, कुणीही भुकेला आला तर. पेटीचं गोळा दोघांनी करायचं, वाटप तिघांनी. दोघे अशासाठी की एकट्याच्या हातात जनतेचा पैसा नको. वाटपाला तिघे, कारण कुणाला किती हा निवाडा आहे, आणि न्यायासनावर तिघे बसतात.

दुसरा नियम: गावात ३० दिवस राहिलात की थाळीला वर्गणी द्यायची. तीन महिने झाले की पेटीला. सहा महिन्यांनी कपड्यांच्या निधीला, नऊ महिन्यांनी दफनाच्या, १२ महिन्यांनी गावच्या तटबंदीला. म्हणजे "आम्ही भाडेकरू, आमचा काय संबंध" हे चालत नाही. आपल्या सोसायट्यांतली अर्धी भांडणं इथेच आहेत.

तिसरा: भुकेला आहे म्हणणाऱ्याची चौकशी करायची नाही, आधी खायला घालायचं. कपडे मागणाऱ्याची केली तरी चालेल. चौथा: दानावर जगणाऱ्यानेसुद्धा त्यातलं थोडं दान द्यायचं. हा चौथा मला आधी क्रूर वाटला. मग आमच्या वडिलांची आठवण झाली. शेवटी पेन्शन औषधात जायची, मी पैसे द्यायचो. त्यातले ते दर महिन्याला देवळातल्या अन्नछत्राला द्यायचे. मी चिडायचो. आता कळतं.

माझा एकच आक्षेप. त्याच ठिकाणी लिहिलंय की निधी सांभाळणाऱ्यांकडून हिशेब मागू नये, ते विश्वासाने काम करतात. हे मान्य नाही. हिशेब हवाच, दरमहा, पै-पैचा.

लोदकर · मंगळवार, रात्री ९:१०

हिशेबनीस, पुढच्या काळातल्या धर्मशास्त्र्यांनीही तुमच्यासारखंच म्हटलंय: मागायचा नाही हे खरं, पण आपणहून दिलेला बरा.

नास्तिक_नाना · मंगळवार, रात्री ९:४०

हिशेबनीसांचा प्रतिसाद आवडला. यात देव कुठेच लागत नाही हे कुणाच्या लक्षात आलं का?

बरं, सगळे करुणेवर एवढं बोलताय, तर आज तिकडे जे चाललंय त्याबद्दल एक शब्द नाही?

तळ्याकाठची · मंगळवार, रात्री १०:०५

नाना, प्रश्न गैर नाही. पण त्याला स्वतंत्र धागा लागेल आणि तो काढलात तर मी तिथे येईन. इथे मुद्दा ११ म्हाताऱ्या माणसांचा आहे. लोदकरांनी भिंतीचं आणि गोरे-काळ्यांचं आपणहून सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा मला या धाग्यापुरता पुरतो.

देव लागत नाही हे मात्र अर्धंच बरोबर. काल काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "देव नसता तर मी तुमच्या टाकीच्या भांडणानंतर तुमच्याकडे हलवा पाठवला असता का?"

पेठेतला · बुधवार, सकाळी ७:४०

काकूंना नमस्कार सांगा.

नानांसाठी एक जाता जाता. प्लेगच्या वेळी मुंबईत लस शोधणारा हाफकिन ओडेसाचा ज्यू. १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःला टोचून घेतली. आयुष्यभराची पुंजी शेवटी पूर्व युरोपातल्या येशिवांना, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांना, देऊन गेला. विज्ञान आणि देव दोन्ही एकाच माणसात राहू शकतात, भाडं वेगळं लागत नाही.

रातपाळी · बुधवार, दुपारी २:००

एक राहिलं. शेवटची सेवा. ज्यूंमध्ये प्रेताला आंघोळ घालणारी, कफन नेसवणारी माणसं गावातलीच असतात, पैसे घेत नाहीत, 'हेव्रा कादिशा'. काम झाल्यावर ती मृताची माफी मागतात, काही अवमान झाला असेल तर क्षमा कर म्हणून. या सेवेला ते 'खरी कृपा' म्हणतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. आमच्याकडे मध्यरात्री बेवारस म्हणून कागद रंगवताना मला हे आठवतं. मीही हल्ली मनात माफी मागते. कुणाला सांगितलं नव्हतं.

लोदकर · बुधवार, संध्याकाळी ६:१५

बाई, तुमच्यापुढे मी उठून उभा राहिलो.

कोकणातल्या आमच्या सिनेगॉगांत आता दहा पुरुष जमवायला मुंबईला फोन करावा लागतो. दहा नसतील तर कद्दिश म्हणता येत नाही, म्हणजे आपल्या मेलेल्या बापासाठीची प्रार्थनासुद्धा एकट्याला म्हणता येत नाही. तरुणपणी मला याचा राग यायचा, माझं दुःख, माझा बाप, यांची काय गरज? बाप गेला तेव्हा समजलं. त्या कारणाने रोज नऊ माणसं माझी वाट बघत होती. उशीर झाला की फोन करत होती.

तळ्याकाठची · रविवार, रात्री ८:५०

आठवड्याचा वृत्तांत.

ग्रुप बंद केला. म्हणजे सुप्रभातवाल्यांना ठेवला, आम्ही बाहेर पडलो. तळमजल्यावर पत्रपेट्यांशेजारी एक कुलूपबंद पेटी बसवली. सगळ्या घरांनी दरमहा एक बंद पाकीट टाकायचं, ११ घरांनीसुद्धा, आत काय आहे ते कुणी बघणार नाही. रिकामं असलं तरी चालेल. भाडेकरूंना ३० दिवसांचा नियम वाचून दाखवला, एक जण हसला, पण पाकीट घेऊन गेला.

डबे: सगळे एकाच मापाचे स्टीलचे, नावं नाहीत. जास्तीचं शिजलं म्हणून नव्हे, तर मंगळवारी आणि शुक्रवारी ठरवून. पहिल्या शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनाच विचारलं की मंगळवारची चटणी तुम्ही कराल का, सगळ्यांसाठी. दार पूर्ण उघडलं. जवसाची करणार आहेत.

न्हाणीघरं चार घासून झाली. फोटो काढलेले नाहीत.

अडचण एकच. पैसे काढायला दोघं मिळाली, मी आणि समोरच्या काकू. वाटपाला हिशेबनीस म्हणतात तसे तिघं हवेत. दोनच झालेत. तिसऱ्याला सोसायटीतल्या कुणाशी भांडण नको अशी अट आहे, आणि असा माणूस आमच्या इमारतीत नाही.

हिशेबनीस · रविवार, रात्री ९:२०

मी नौपाड्यात राहतो. तुमची सोसायटी कुठली?

तळ्याकाठची · रविवार, रात्री ९:२२

व्यनि (खासगी निरोप) केला आहे.